टेपवरची सही

शाळेत तिला सगळे 'पंचनामा' म्हणायचे. नाव चिडवण्यासाठीच पडलं होतं, पण तिला त्याचा मनातून अभिमान होता. सतराव्या वर्षापर्यंत तिने शाळेत तीन चोऱ्या पकडल्या होत्या. एक प्रयोगशाळेतल्या भिंगाची, एक खडूच्या खोक्याची आणि एक निबंधाची. तो निबंध शेजारच्या तुकडीतल्या एका मुलाने आपल्या मोठ्या बहिणीच्या जुन्या वहीतून जसाच्या तसा उतरवला होता, अगदी 'मी एक मुलगी म्हणून' या शब्दांसकट.

हा गुण तिच्याकडे वडिलांकडून आला होता. ते वीज कंपनीत मीटर तपासनीस होते. लोकांच्या घरचे मीटर बघायचे, त्यांवरची शिशाची सीलं तपासायची, कुणी उघडून परत लावलं असेल तर पकडायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी जेवताना ते दिवसभरातली सीलं सांगत. "तोडून परत लावलेलं सील, कितीही सफाईने लावा, ते बोलतं," असं त्यांचं म्हणणं होतं. ती घास हातात धरून ऐकत राही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसायची आणि घरी आली की म्हणायची, "या घरात शिंकायचं झालं तरी पुराव्यानिशी शिंकावं लागतं." एकदा मामा आला होता. त्याने सिगरेट सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा ही आठ वर्षांची पोर एवढंच म्हणाली, "मग मामा, तू घरात शिरण्याआधी जिन्यात पुदिन्याची गोळी का खाल्लीस?" मामा त्यानंतर तीन महिने आला नाही.

अशा मुलीने युवा पुरस्कारासाठी नाव दिलं याचं सगळ्यांना नवल वाटलं. त्या पुरस्कारासाठी वर्षभर काही समाजसेवा करावी लागे, एखादं कौशल्य शिकावं लागे, एखादा खेळ खेळावा लागे. शेवटी डोंगरातलं पदभ्रमण. तीन दिवस, दोन मुक्काम, चौघांचा गट. तंबू, अन्न, स्टोव्ह, सगळं आपल्याच पाठीवर. सोबत मोठं माणूस नाही. आदल्या वर्षी पदक मिळवलेली मुलं गळ्यात फीत अडकवून मैदानात उभी राहिली तेव्हाच हिच्या मनात पाल चुकचुकली होती. तीन दिवस आपलं आपण चाललो म्हणतात, पण मधे कुणाच्या गाडीत बसले नसतील कशावरून? ते बघायला म्हणूनच तिने अर्ज भरला. भूगोलाच्या मॅडमनी विचारलं, "तुला का यावंसं वाटतं?" तर ही म्हणाली, "खात्री करून घ्यायला." मॅडमना वाटलं, स्वतःच्या क्षमतेची.

गटात दोन मुलगे, दोन मुली. औषधांच्या दुकानदाराचा मुलगा गटाचा प्रमुख. त्याला सगळे कप्तान म्हणत. आवाज मोठा, पावलं मोठी आणि 'काही होत नाही' हे वाक्य सतत तोंडात. दुसरा लांबू. तो उंच होता, सुस्त होता आणि दिसेल त्या सपाट जागेवर बसायचा. गटातली चौथी दोन महिन्यांपूर्वीच शाळेत आली होती. तिच्या वडिलांची बदली झाली होती. वर्षभराची बाकी कामं तिने आधीच्या शाळेत केली होती, म्हणून गटातल्या रिकाम्या चौथ्या जागेवर तिला घेतलं होतं. तिचं टोपणनाव पडायलाही वेळ मिळाला नव्हता, म्हणून तिला नुसतं 'नवी' म्हणत. नवी विचारल्याशिवाय बोलायची नाही, आणि तिला कुणी फारसं विचारायचं नाही.

पंचनामाला ती पहिल्यापासून खटकली. सरावाच्या दोन्ही वेळी ती सगळ्यांच्या मागे राहिली होती आणि दोन्ही वेळी 'मी मुद्दामच मागे चालते' म्हणाली होती. मुद्दाम का?

निघायच्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकापाशी मॅडमनी सगळ्यांचे फोन काढून घेतले. गटासाठी एक साधा बटणांचा फोन बंद करून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. पाकिटाचं तोंड तपकिरी टेपने बंद केलं आणि काळ्या पेनाने टेपवर आडवी सही केली. सहीचं शेपूट टेपच्या कडेवरून खाली पाकिटावर उतरलं.

"खरंच अडचण आली तरच हे फोडायचं," मॅडम म्हणाल्या. "फोडलंत तर का फोडलंत ते लिहून द्यावं लागेल. कारण पटलं नाही तर मोहीम धरली जाणार नाही. कुणाच्या बॅगेत कोरडा कप्पा आहे?"

नवीच्या बॅगेत होता. पाकीट तिच्याकडे गेलं.

बसने डोंगराच्या पायथ्याशी सोडलं आणि पहिल्या तासाभरात कोणालाच बोलायला दम उरला नाही. पाठीवरच्या ओझ्याने खांदे असे ओढले जात होते की जणू मागून कुणी थांब थांब म्हणतंय. नकाशा कप्तानाकडे होता. एका ठिकाणी वाट फुटली, तो बेधडक उजवीकडे गेला, आणि अर्ध्या तासाने तारेचं एक कुंपण आडवं आलं. नकाशात तिथे कुंपण नव्हतं.

"चुकलो," लांबू म्हणाला आणि लगेच खाली बसला.

"काही होत नाही. मागे जाऊ," कप्तान म्हणाला. "आणि हे बघा, परीक्षकांना सांगायची काही गरज नाही. उगाच गुण कशाला घालवायचे?"

सगळ्यांनी माना हलवल्या. पंचनामानेही हलवली, कारण ती दमली होती. त्या दिवशी नवी वाटेत तीन वेळा थांबली. दर वेळी "तुम्ही व्हा पुढे, आलेच मी," म्हणून एक छोटी कापडी पिशवी घेऊन दगडाआड गेली, आणि परत यायला दहा-दहा मिनिटं लावली. पंचनामाने तिन्ही वेळा घड्याळ पाहिलं.

मुक्कामाची जागा ओढ्याकाठच्या गवतावर होती. परीक्षक तिथे आधीच येऊन बसले होते. भूमापन खात्यातून निवृत्त झालेला माणूस, ठेंगणा, डोक्यावर मळकी टोपी. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी तंबूंच्या दोऱ्या ओढून पाहिल्या, स्टोव्ह कसा पेटवता ते पाहिलं, आणि जाता जाता सहज म्हणाले, "काय, कुंपणापर्यंत फिरून आलात वाटतं?"

चौघांची तोंडं बघण्यासारखी झाली. काका हसले आणि टेकडीपलीकडे निघून गेले.

पंचनामा विचारात पडली. यांना कसं कळलं? कुंपणापाशी चिटपाखरू नव्हतं. आजूबाजूला उघडं माळरान, कुणी असतं तर दिसलं असतं. मग कुणीतरी सांगितलं. कुणी? आणि कसं? ओढ्यावर लांबूबरोबर पाणी भरताना तिच्या डोक्यात हेच चाललं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, ती स्वतःशी म्हणाली. आणि डोळ्यांसमोर ती कापडी पिशवी आली.

तंबूत झोपताना तिने नवीकडे पाठ केली नाही. नवी मोजे न काढता झोपली. हेही तिने मनात टिपून ठेवलं.

सकाळी सामानाची वाटणी नव्याने करायची होती. बाकीचे तंबू गुंडाळत होते. पंचनामाने नवीच्या बॅगेच्या कप्प्यातून ते पाकीट काढलं आणि उजेडात धरलं. टेप जागेवर होती. सहीही होती. पण सहीचं शेपूट टेपवर जिथे संपत होतं आणि पाकिटावर जिथे सुरू होत होतं, त्या दोन टोकांत केसभर फरक होता. टेप सोलून परत चिकटवली होती. तिला वडिलांचा आवाज कानात ऐकू आल्यासारखा वाटला.

"काय करतेस?" लांबूने लांबून विचारलं.

"काही नाही. भिजलं का बघत होते." तिने पाकीट ठेवून दिलं.

तिने तेव्हाच सगळ्यांना सांगायला हवं होतं. पण वडिलांनी शिकवलं होतं की पुरावा पुरा झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तिने मनातल्या मनात खटला उभा केला. नवी दगडाआड जाते, फोन काढते, काकांना खबर देते. किंवा मॅडमना. दोन महिन्यांपूर्वी अचानक आलेली मुलगी, चौथी जागा रिकामी असतानाच नेमकी येते, कोरडा कप्पाही हिच्याच बॅगेत, हे सगळं आपोआप झालं? गटात आपल्यावर नजर ठेवायला माणूस पेरलाय, दुसरं काही नाही. हे तिला इतकं चपखल बसलं की आपण काय म्हणतोय याचं हसू येण्याऐवजी अंगावर शहारा आला.

दुसऱ्या दिवशी मोठा चढ होता. डोंगराच्या लांबलचक धारेवर चढायचं, धारेवरून चालत जायचं, एका ठिकाणी डावीकडे उतरायचं आणि ओढ्यावरच्या पुलापाशी काकांना भेटायचं. जेवणानंतर नकाशा पंचनामाकडे आला. नकाशा असेल त्याने पुढे चालायचं असा नियम. पण पुढे चाललं तर नवीवर नजर कशी राहणार?

"मी मागून येते," ती म्हणाली. "वळायचं असेल तिथे हाक मारीन. कप्तान, तू हो पुढे."

नवी आज आणखी हळू चालत होती. एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं. मुद्दाम उशीर करतेय, पंचनामाला वाटलं. डोळ्यांत तेल घालून ती नवीच्या पाठीकडे, तिच्या बॅगेच्या बंदांकडे, त्या कप्प्याच्या चेनकडे बघत राहिली. नकाशा तिच्या हातात घडी करूनच राहिला. धुकं कधी चढलं ते तिला कळलंच नाही. आधी दरी गेली, मग समोरची टेकडी गेली, मग कप्तान पुढे गेला तो नुसता त्याचा आवाज उरला.

"अरे, वाट संपली!" तो आवाज आला.

तिघं त्याच्यापर्यंत पोचली. खरंच, पायवाट गवतात विरून गेली होती. चारी बाजूंना पांढरं. वीस पावलांपलीकडे काही नाही.

"वळायचं कुठे होतं?" कप्तानाने विचारलं.

पंचनामाने नकाशा उघडला, आणि आपण गेल्या तासाभरात एकदाही त्याच्याकडे पाहिलेलं नाही हे तिला उमगलं. अशा वेळी माणूस चूक कबूल करतो किंवा दुसऱ्याची काढतो. तिने दुसऱ्याची काढली.

"ते मला नको विचारूस. हिला विचार," ती नवीकडे बोट दाखवून म्हणाली. "हिला सगळं माहीत असतं. आपण कुठे चुकतो, कुठे थांबतो, सगळं हीच वर कळवते. नवी, बॅग उघड."

नवी नुसती बघत राहिली. "काय?"

"ती कापडी पिशवी काढ. दगडाआड जाऊन काय करतेस ते कळू दे सगळ्यांना."

"ते माझं आहे. मी नाही दाखवणार."

"अगं सोड ना," लांबू म्हणाला. "इथे आपण हरवलोय आणि तुझं काय भलतंच!"

पण कप्तान एकदम मोठ्याने म्हणाला, "नाही, उघडू दे की! लपवण्यासारखं काय असणार आहे? आम्ही लपवतो का काही?"

तो असं बोलल्यावर लांबूही गप्प झाला. तिघं तिच्याकडे तोंड करून उभी. नवीने बॅग पाठीवरून उतरवली. कापडी पिशवी काढली आणि गवतावर उलटी केली. कापूस, मलमाची अर्धी पिळलेली ट्यूब, पट्ट्या आणि मोज्यांची एक गुंडाळी. मोजे टाचेपाशी वाळलेल्या रक्ताने कडक झाले होते.

मग ती खाली बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. बूट निघताना तिने दात आवळले. उजव्या टाचेची कातडी रुपयाएवढी गेली होती आणि खाली सगळं लालभडक.

"बूट मावसबहिणीचे आहेत," ती म्हणाली. "मावशी म्हणाली होती, मोठेच होतील. ते लहान निघाले."

"कधीपासून?" लांबूने विचारलं.

"काल सकाळी, दुसऱ्या तासापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काकांना कळलं तर मला परत पाठवतील. तुमचा गट तीनचा होईल. तुम्ही आधीच मला नाइलाजाने घेतलंय."

पंचनामाचे कान गरम झाले. तिला तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटलं, पण वीस पावलांपलीकडे जायला जागाच नव्हती.

"माझी पाळी होती," ती शेवटी म्हणाली. "नकाशाची. मी बघितलंच नाही. मी हिच्यावर लक्ष ठेवत होते."

लांबूने सुस्कारा टाकला. "बरं झालं. आता फोडा ते पाकीट. पाय असा आहे, धुकं असं आहे, याहून मोठी अडचण ती काय असते?"

"नको," कप्तान घाईघाईने म्हणाला. "फोन नको. उगाच मोहीम बाद होईल. काही होत नाही, आपण शोधू वाट."

पंचनामाने त्याच्याकडे पाहिलं. तिला राहवेना. "पाकीट आधीच फोडलेलं आहे," ती म्हणाली. "टेप परत लावलीय. सही जुळत नाही."

"तुला कसं माहीत?" लांबू म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. "थांब. सकाळी तूच ते हातात घेऊन बसली होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, भिजलं का बघतेय."

"मी बघतच होते!"

"एकटीच? आम्हाला न सांगता? आणि आता हिच्यावर घालतेस?"

ती बोलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की तिच्याकडे काहीच नाही. ती ते पाकीट हाताळताना दिसली होती. ती खोटं बोलली होती. दिवसभर ती विचित्र वागली होती. तिने स्वतः असा खटला ऐकला असता तर आरोपीला एका मिनिटात दोषी धरलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे त्या नजरेने बघत होतं, आणि त्या नजरेपुढे खरं बोलताना जीभ कशी अडखळते हे तिला कळलं.

"तिने नाही फोडलं," नवी म्हणाली. ती टाचेवर नवा कापूस ठेवत होती, मान खाली. "काल संध्याकाळी फुटलं. तुम्ही दोघं ओढ्यावर होता तेव्हा."

"म्हणजे तुला माहीत होतं?" पंचनामा जवळजवळ ओरडली. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर मलाच सांगत होतीस."

"कुणी फोडलं?"

"ते मी नाही सांगणार."

पण सांगायची गरज उरली नव्हती. चौघांतले दोघे ओढ्यावर होते, आणि नवी सोडली तर एकच जण उरत होता. लांबूने हळूच मान वळवली. कप्तान धुक्याकडे बघत उभा होता. त्याने टोपी काढली, परत घातली.

"मी ताईला फोन केला," तो म्हणाला. त्याचा आवाज एरवीच्या निम्माही नव्हता. "मी घराबाहेर कधी झोपलेलो नाहीये. एकदाही नाही. सहलीला पण नाही. काका गेले आणि अंधारून यायला लागलं, तेव्हा मला... मला वाटलं, सांगावं कुणालातरी की मला घेऊन जा."

"मग?" लांबूने विचारलं.

"ताईने फोन उचलला आणि विचारलं, जेवलास का? मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, मग जेव. मग मला काही बोलताच येईना. मी ठेवला."

लांबूला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. नवी मात्र हसली नाही. "मी दगडाआडून आले तेव्हा हा फोन कानाला लावून रडत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, घरी कुणाला काही झालंय."

त्यांनी पाकीट फोडलं. फोन सुरू केला. रेंज नव्हती. लांबूने हात उंच करून, टाचा उचलून पाहिलं, तरी नव्हती. त्यामुळे फोन करायचा की नाही हा वाद तिथेच मिटला.

पंचनामाने नकाशा गवतावर पसरला आणि चार दगड ठेवले. "धारेवर आपण किती चाललो कुणाला आठवतंय?"

"ती दगडांची रास लागली, त्यानंतर पाऊण तास," लांबू म्हणाला.

"कुठली रास?"

"अगं ती, रचलेली. मला बसावंसं वाटलं होतं तिच्यावर."

डावीकडे उतरायची खूण तीच होती. "तू बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तू बघतेयस."

तिने बोटाने मोजलं. पाऊण तास, नवीच्या चालीने. म्हणजे आपण साधारण इथे. इथून पूर्वेला उतरलं तर एक दगडी गडगा, बुटकी भिंत, लागेल, गडग्याच्या कडेने खाली गेलं की ओढा, ओढ्याने पूल. तिने होकायंत्र धरलं. धुक्यात सरळ रेषेत कसं चालायचं हे मॅडमनी शिकवलं होतं, ते तिला आठवलं. लांबू सगळ्यांत उंच, म्हणून तो पुढे जायचा आणि दिसेनासा होण्याआधी थांबायचा. ही होकायंत्रावरून ओरडायची, "उजवीकडे! अजून! बस!" मग तिघं त्याच्यापर्यंत जायची आणि परत तेच. नवीच्या बॅगेतलं सामान तिघांनी वाटून घेतलं. पायात तिने तंबूपाशी घालायचे कापडी बूट घातले, टाचा दाबून, चपलेसारखे. कप्तानाने तिचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि वाटभर एकदाही 'काही होत नाही' म्हणाला नाही.

प्रत्येक वीस पावलांना पंचनामाला वाटे, आपण चुकलो. काट्यावरही तिचा विश्वास बसेना. जवळ लोखंड असलं की तो फिरतो, आणि स्टोव्ह तिच्याच बॅगेत होता. तिने बॅग काढून लांब ठेवली, परत बघितलं. काटा तोच. असं तिने चार वेळा केलं. लांबू पुढून ओरडला, "आता त्या काट्याची पण उलटतपासणी करणार का?" आणि त्या दिवसात पहिल्यांदा चौघंही हसली.

गडगा लागला तेव्हा तिने त्याला हात लावला, चक्क दोन्ही हात. मग पुढे सगळं सोपं होतं, फक्त लांब होतं.

पुलापाशी पोचायला त्यांना साडेतीन तास उशीर झाला. काका पुलाच्या कठड्याशी उभे होते, गाडीची किल्ली हातात. आणखी पंधरा मिनिटांनी ते माणसं बोलावणार होते. त्यांनी चौघांना मोजलं, दोनदा, आणि मग थर्मासमधला चहा ओतला. नवीची टाच बघताना त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी ती धुतली, बांधली आणि म्हणाले, "उद्या ही चालणार नाही. मी हिला गाडीतून नेतो."

दोन दिवसांत नवी पहिल्यांदा रडली. आवाज न करता.

"बाकीच्या तिघांनी पुरं केलं तर तुमचं धरता येईल," काका पुढे म्हणाले. "हिला मात्र पुढच्या वर्षी, दुसऱ्या गटाबरोबर परत."

तेव्हा कप्तान पुढे झाला. "काका, पाकीट मी फोडलंय. काल. कारण काही नव्हतं. मला घरची आठवण आली होती."

"अरे कशाला!" लांबू कळवळून म्हणाला.

काकांनी पाकीट हातात घेतलं, टेप बघितली, कप्तानाकडे बघितलं. "कारण नसताना फोडलं तर गटाची मोहीम बाद होते. माहीत आहे ना?"

"हो."

"मग चौघांनाही परत चालावं लागेल. याच हंगामात, तीन महिन्यांनी."

"हो," कप्तान म्हणाला.

पंचनामाने अजून एक गोष्ट सोडली नव्हती. "काका, आम्ही कुंपणापर्यंत गेलो होतो, ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बुटांनी," काका म्हणाले. "या सगळ्या डोंगरात तांबडी माती त्या कुंपणापाशीच आहे. तुझेही बूट तांबडे होते. बघितले नाहीस का?"

तिने खाली पाहिलं. तांबडा थर अजूनही शिवणीत होता. दोन दिवस ती सगळ्यांकडे बघत होती, स्वतःच्या पायांकडे सोडून.

घरी गेल्यावर वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा पहिला प्रश्न अर्थातच होता, "सील फोडलं कुणी?"

"ते मी नाही सांगणार, बाबा," ती म्हणाली. वडिलांनी भुवया उंचावल्या. आई बूट घासत होती, ती तशीच घासत राहिली.

तीन महिन्यांनी चौघं परत गेली. या वेळी नवीच्या पायात स्वतःचे बूट होते, घालून घालून मऊ केलेले. दुसऱ्या दिवशी गारा पडल्या आणि तंबूचा एक खांब मोडला, तो लांबूने काठी बांधून सावरला. पहिल्या मुक्कामाला अंधारून आलं तेव्हा पंचनामा सरळ मुलांच्या तंबूपाशी गेली आणि कप्तानाला म्हणाली, "झोप येणार नसेल तर बाहेर येऊन बस. आम्ही दोघी आहोत." तो तासभर बसला. नवी बोलत होती. तिच्या आधीच्या तीन शाळांबद्दल, तीन गावांबद्दल. ती इतकं बोलू शकते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी काकांनी चौघांच्या मोहिमेच्या नोंदवह्यांवर सह्या केल्या.

परतीच्या बसमध्ये लांबू बसल्या बसल्या झोपला. नवी खिडकीला डोकं टेकून होती. पंचनामा कप्तानाच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसली. तीन महिने तिच्या मनात एक प्रश्न होता.

"त्या दिवशी पुलावर तू काकांना का सांगितलंस? आपण तिघं दुसऱ्या दिवशी चालून मोकळे झालो असतो. कुणी विचारलंही नव्हतं." ती थोडी थांबली. "नवीला परत एकदा जाता यावं म्हणून?"

कप्तानाने बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

"धुक्यात तिला बॅग उघडायला लावताना मी जे ओरडलो ना," तो म्हणाला, "ते मला अजून ऐकू येतं."

"म्हणून?"

"नाही गं. खरं सांगू? मला घरी जायचं होतं. अजून एक रात्र तंबूत काढायची नव्हती. बाद झालो की लगेच घरी." तो हसला. "एवढंच."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला होता. यातलं कुठलं खरं, पहिलं की दुसरं, की दोन्ही, की एकही नाही? जुळतंय असं वाटावं आणि केसभर हुकावं, असं काहीतरी होतं. तिच्या ओठांवर पुढचा प्रश्न आलाही होता.

बसने वळण घेतलं, लांबूचं डोकं हिसक्याने खिडकीवर आपटलं आणि तो जागा होऊन म्हणाला, "आलं का?"

"नाही, झोप," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.